अलीचे दंड आणि आमचं पत्रक: एका जुन्या जर्मन चित्रपटाच्या खेळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण जर्मनीतल्या एका मध्यम शहरात, वस्तीच्या समाजकेंद्राच्या आधाराने एक चित्रपट-गट चालतो. महिन्यातून एकदा जुना चित्रपट, आधी छोटं प्रास्ताविक, नंतर चर्चा. मी गेली काही वर्षं या गटात आहे. बैठकांचं टिपण ठेवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे हे लिहिताना नुसत्या आठवणीवर विसंबावं लागलं नाही. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि शहर गाळलं आहे, काही बारीक तपशील बदलले आहेत.

निर्णय घेणारे आम्ही पाचजण. गट ज्यांनी सुरू केला त्या निवृत्त शिक्षिकाबाई. केंद्राचे व्यवस्थापक, ज्यांच्या हातात सभागृह आणि पैसे असतात. तुर्की आजी-आजोबांचा नातू असलेला, चित्रपटाचं शिक्षण घेणारा एक विद्यार्थी. एक सामाजिक कार्यकर्ती, जिचे वडील मोरोक्कोतून पश्चिम जर्मनीतल्या रूर भागातल्या कोळसा खाणीत कामाला आले होते. आणि पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली मी.

2024 मध्ये जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडरच्या ‘अँग्स्ट एसेन झेले आउफ’ (मोडक्या जर्मनमध्ये ‘भीती आत्मा खाते’) या चित्रपटाला 50 वर्षं होत होती. शिक्षिकाबाईंनी तो विद्यार्थिनी असताना, प्रदर्शित झाल्या झाल्या पाहिला होता. वर्षाच्या कार्यक्रमात तो असायलाच हवा यावर कोणाचं दुमत नव्हतं. पुढे जे झालं ते चित्रपट निवडण्यावरून झालं नाही, तो लोकांपुढे कसा मांडायचा यावरून झालं.

चित्रपट आणि त्याचा काळ

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. म्युनिकमध्ये एमी कुरोव्स्की ही साठीची विधवा साफसफाईची कामं करते. पावसात अडकते म्हणून एका बारमध्ये शिरते. तिथे अरबी गाणं लागलेलं असतं. बारमधली एक बाई चेष्टेने एका मोरोक्कन कामगाराला या म्हातारीबरोबर नाचायला सांगते, आणि तो खरंच नाचतो. त्याला सगळे अली म्हणतात. तो तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. दोघं लग्न करतात. मुलं, शेजारी, कामावरच्या बायका, कोपऱ्यावरचा वाणी, सगळे पाठ फिरवतात. एमीचा एक मुलगा ही बातमी ऐकून टीव्हीच लाथेने फोडतो.

इथपर्यंतचं कोणीही लिहिलं असतं. चित्रपटाचा खरा कस उत्तरार्धात आहे. जोडपं सुट्टीवरून परततं तेव्हा सगळे अचानक गोड झालेले असतात. वाण्याला गिऱ्हाईक परत हवं असतं, शेजारणीला तळघरातली जागा हवी असते, मुलाला आपलं मूल सांभाळायला आई हवी असते. आणि बाहेरचा दाब ओसरल्यावर एमी स्वतःच बदलते. अलीला कुस्कुस हा त्याच्याकडचा रव्याचा पदार्थ खावासा वाटतो, तर ती म्हणते की जर्मनीत राहायचं तर इथलं खायला शीक. कामावरच्या मैत्रिणी घरी येतात तेव्हा ती त्याला उभं करून त्याचे दंड दाखवते, आणि त्या चाचपून बघतात. तो निघून जातो, तर त्याचा स्वभावच तसा, परदेशी माणसाचा, असं ती सांगते. हे दृश्य लक्षात ठेवावं लागेल, पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरला.

चित्रपट सप्टेंबर 1973 मध्ये सुमारे दोन आठवड्यांत, दोन मोठ्या चित्रपटांच्या मधल्या सवडीत उरकला गेला. जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी कामगारभरतीचा करार केला होता. त्यानंतर 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीस, 1961 मध्ये तुर्कस्तान, 1963 मध्ये मोरोक्को, आणि पुढे पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. या कामगारांना ‘गास्टआर्बाइटर’, पाहुणे कामगार, म्हणत. पाहुणा परत जाणार हे त्यात गृहीत होतं. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंवर केलेल्या हल्ल्याला चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम वर्ष झालं होतं आणि शहरात अरब दिसणाऱ्या माणसाकडे बघण्याची नजर बदलली होती. चित्रीकरण संपल्यावर दोन-तीन महिन्यांत, 23 नोव्हेंबर 1973 रोजी, सरकारने ही भरतीच थांबवली. मार्च 1974 मध्ये चित्रपट लोकांपुढे आला आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं पारितोषिक त्याला मिळालं.

आता पडद्यामागचं. अलीचं काम करणारा एल हेदी बेन सालेम हा त्या काळात फासबिंडरचा जोडीदार होता. मोरोक्कोत बायको-मुलं मागे ठेवून तो युरोपात आला होता आणि फासबिंडरशी त्याची गाठ पॅरिसमध्ये पडली. चित्रपटात अली आपलं खरं नाव सांगतो, लांबलचक, आणि ते बेन सालेमचंच पूर्ण नाव आहे. पण पडद्यावर ऐकू येणारा आवाज त्याचा नाही. तो एका जर्मन डबिंग कलाकाराचा आहे. म्हणजे मोडकंतोडकं जर्मन बोलणाऱ्या अरबाचं मोडकंतोडकं जर्मनसुद्धा एका जर्मनानेच बोलून दाखवलं. चित्रपटानंतर बेन सालेमच्या हातून बर्लिनमध्ये चाकूहल्ला झाला, त्याला जर्मनी सोडावी लागली, आणि 1977 मध्ये फ्रान्समधल्या नीमच्या तुरुंगात तो वारला. फासबिंडरला हे कळायला काही वर्षं गेली. त्याने आपला शेवटचा चित्रपट बेन सालेमच्या मैत्रीला अर्पण केला आहे, पूर्ण नावानिशी.

अडचण

पत्रकाचा मसुदा शिक्षिकाबाईंनी केला. वर चित्र होतं: न्हाणीघराच्या आरशात दिसणारा उघडा अली, आणि त्याच्याकडे बघणारी एमी. खाली ओळ होती की ही वंशभेदाविरुद्धची कालातीत प्रेमकथा आहे. त्याखाली, खेळानंतर आमच्या सामाजिक कार्यकर्तीशी संवाद, आणि तिच्या नावापुढे ‘मोरोक्कन कुटुंबातील’ असे शब्द.

तिला हे कोणी विचारलं नव्हतं. व्यवस्थापकांनी नगरपालिकेच्या अनुदानाच्या अर्जात ‘विविधता’ या रकान्याखाली तिचं नाव आधीच घातलं होतं, आणि तिथून ते पत्रकात आलं. तिला मसुद्याच्या ईमेलमध्येच ते पहिल्यांदा दिसलं.

तिचं उत्तर छोटं होतं. एमीच्या मैत्रिणी अलीचे दंड चाचपतात ते दृश्य आठवा, पत्रक तेच करतंय, आणि मला मंचावर बसवून तुम्ही माझं काय चाचपणार आहात, एवढंच तिने विचारलं होतं.

या वाक्याने गट हलला, कारण ते चित्रपटाच्याच आधाराने केलेलं होतं. बाहेरून येऊन कोणी जुन्या कलाकृतीवर आजचे निकष लादतंय असं म्हणून ते बाजूला सारता येत नव्हतं. तिने चित्रपट आम्हा सगळ्यांपेक्षा नीट पाहिला होता.

पुढच्या बैठकीत तिने आक्षेप सुटे करून मांडले. पहिला नाव आणि आवाजाचा. चित्रपटाचं आधीचं नाव ‘सगळ्या तुर्कांचं नाव अली’ अशा अर्थाचं होतं, म्हणजे एकाच नावाखाली सगळ्यांना कोंबण्याचा खोडसाळपणा फासबिंडरला दिसत होता. पण मग आवाज का काढून घेतला? दुसरा शरीराचा. पत्रकावर ज्याचं उघडं अंग छापायचं त्या नटाचं नावच पत्रकात नव्हतं, दिग्दर्शकाचं आणि एमीचं काम करणाऱ्या ब्रिगिटे मीराचं होतं. तिसरा व्यवहाराचा. ती ज्या मोरोक्कन बायकांच्या गटाबरोबर आणि वडिलांच्या पिढीतल्या म्हाताऱ्यांबरोबर काम करते, त्यांना या पत्रकानिशी बोलावणं तिला शक्य नव्हतं. आणि अर्जात तर ‘स्थलांतरित प्रेक्षक’ येतील असं लिहून दिलेलं होतं.

शिक्षिकाबाईंना हे लागलं. त्यांचं म्हणणं असं की चित्रपट ही नजर दाखवतो, ती नजर म्हणजेच त्याचा विषय, आणि आरशाचं दृश्य तर साठीच्या बाईला इच्छा असते हे जर्मन पडद्यावर इतक्या सरळपणे दाखवणाऱ्या मोजक्या दृश्यांपैकी आहे. तेही प्रतिनिधित्वच नाही का? 1974 मध्ये त्यांच्या आईच्या वयाच्या बाईकडे कोण असं बघत होतं? हा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. विद्यार्थ्याने त्यात भर घातली की त्या आरशात तिसरी नजर आहे, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या प्रियकराची, आणि ती तर चित्रपट कबूलही करत नाही.

माझं मत त्या बैठकीत बनलं ते असं. फासबिंडरला जर्मन माणूस अलीकडे कसा बघतो हे हाडामासासकट माहीत होतं, प्रेमळ जर्मन माणूससुद्धा. म्हणूनच त्याने स्वतःकडे कोणती भूमिका घेतली ते पाहा: एमीचा आळशी जावई, जो कामावरच्या तुर्की मुकादमाच्या नावाने बोटं मोडतो. चित्रपटात कष्टकरी बायकाही सुटत नाहीत. एमीला वाळीत टाकणाऱ्या साफसफाईच्या बायका नंतर तिला पुन्हा जवळ करतात आणि हर्झेगोव्हिनाहून आलेल्या नव्या बाईला बाजूला बसवतात, एमीसुद्धा त्यांच्यात असते. एमीचा पहिला नवरा पोलिश होता, ती तरुणपणी नाझी पक्षात होती, आणि लग्नाचं जेवण ती हिटलर जिथे जेवायला जायचा त्या हॉटेलात हौसेने करते. एका माणसात हे सगळं कसं राहतं ते फासबिंडर न बिचकता दाखवतो. पण अली एमीकडे, म्युनिककडे, आपल्या सोबत्यांकडे कसा बघतो याचा चित्रपटाला फार थोडा पत्ता आहे. तो बोलतो कमी, आणि एकटा असतो तेव्हा कॅमेरा त्याच्याबरोबर फारसा थांबत नाही. दोष दाखवायचा म्हणून हे लिहीत नाही. पत्रकात कशाचा दावा करायचा हे यावर ठरत होतं. ‘जर्मन समाजावरचा चित्रपट’ म्हटलं तर तो दावा टिकतो. ‘स्थलांतरितांचा आवाज’ म्हटलं तर शब्दशः खोटा ठरतो.

पर्याय

खेळ रद्द करण्याचा पर्याय व्यवस्थापकांनी मांडला आणि पाच मिनिटांत मागे घेतला. कार्यकर्तीचीच त्याला सर्वांत जास्त हरकत होती. आपल्या आक्षेपामुळे चित्रपट गेला असं गावभर झालं की पुढे तिचं कोणी काही ऐकून घेणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

प्रास्ताविक वाढवायचं, त्यात आवाज आणि बेन सालेमचं पुढे काय झालं ते सांगायचं, बाकी सगळं तसंच. हा स्वस्त आणि सोपा पर्याय होता. शिक्षिकाबाई तयार होत्या. यात कार्यकर्तीच्या तिसऱ्या आक्षेपाला उत्तर नव्हतं. प्रास्ताविक ऐकायला सभागृहात आधी यावं लागतं.

विद्यार्थ्याने वेगळाच चित्रपट सुचवला. इराणी दिग्दर्शक सोहराब शाहीद सालेस याने 1975 मध्ये जर्मनीत केलेला ‘इन देअर फ्रेम्डे’ (‘परक्या मुलखात’): बर्लिनमधला तुर्की कामगार, कारखाना, भुयारी रेल्वे, अनेकांनी वाटून घेतलेलं घर, आणि रोज तेच. कॅमेरा तिथे कामगारांच्या स्वयंपाकघरात बसून असतो. विद्यार्थ्याचा सवाल असा होता की दर वेळी स्थलांतरितांचा विषय निघाला की फासबिंडरच का, त्याच सुमारास स्वतः परक्या देशात आलेल्या दिग्दर्शकाने केलेलं काम कपाटात का? हा प्रश्न मला मोलाचा वाटला. पण त्यातही एक गाठ होती: मुख्य भूमिकेत परवीझ सय्याद, म्हणजे तुर्कांची भूमिका इराणी नट करतो. ‘ज्याचं त्यानेच करावं’ हा नियम ताणायला घेतला की तो कुठे थांबवायचा यावर तासभर गेला. शेवटी प्रत आणि हक्क वेळेत मिळायची खात्री नसल्याने तो चित्रपट पुढच्या वर्षावर गेला, आणि तात्त्विक वाद अर्धवट राहिला.

2002 मध्ये शाहबाझ नोशीरने केलेला एक लघुपट जोडावा, असाही विचार झाला. याच कथेच्या नाट्यरूपात अलीचं काम करणाऱ्या नटावर प्रयोगाला जाताना झालेल्या खऱ्या हल्ल्यावर तो बेतलेला आहे आणि त्यात ब्रिगिटे मीरा पुन्हा आहेत. तो सगळ्यांना पटला, पण मूळ प्रश्नाला त्याने हात लागत नव्हता.

कार्यकर्तीचा स्वतःचा प्रस्ताव सर्वांत शेवटी आला. दोन संध्याकाळी करायच्या, आणि क्रम उलटा. चित्रपटाच्या दोन आठवडे आधी तिच्या वडिलांच्या पिढीतल्या माणसांनी स्वतःचे फोटो आणि कागद घेऊन यायचं, आपल्या भाषेत बोलायचं, जर्मन भाषांतर दुभाष्याने करायचं. मग त्याच सभागृहात चित्रपट. ती स्वतः दोन्ही वेळा मंचावर बसणार नाही.

निर्णय आणि कृती

क्रमावर सर्वांत जास्त घासाघीस झाली. व्यवस्थापकांना चित्रपट आधी हवा होता. पन्नाशीचं निमित्त, प्रसिद्ध नाव, त्याने लोक येतील आणि मग त्यांना दुसऱ्या संध्याकाळचं आमंत्रण देता येईल. व्यवहाराच्या हिशेबाने हे बरोबर होतं. कार्यकर्तीचं म्हणणं असं की चित्रपट आधी झाला तर म्हातारे अलीची तळटीप म्हणून बोलतील. तुम्हालाही असंच झालं का, हाच प्रश्न त्यांना विचारला जाईल. ते आधी बोलले तर चित्रपट त्यांच्यासमोर उभा राहील. शिक्षिकाबाई इथे तिच्या बाजूने गेल्या. मला ते अनपेक्षित होतं. त्यांनी एवढंच विचारलं की म्हाताऱ्यांना चित्रपटाला मोफत प्रवेश असेल ना.

दुसरा प्रश्न पैशांचा. बाहेरून वक्ता बोलावला तर केंद्र मानधन देतं. कार्यकर्ती गटाची सभासद म्हणून तिला काही मिळणार नव्हतं, आणि म्हाताऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणून फुलं. पाहुणे हा शब्द ऐकून तिने फक्त भुवया उंचावल्या. शेवटी प्रत्येक बोलणाऱ्याला आणि दुभाष्याला ठरलेलं मानधन देण्याचं कबूल झालं. ते पैसे छापील पत्रकांच्या खर्चातून काढले, आणि पत्रक साध्या एका रंगात छापलं.

पत्रक बदललं. चित्र घेतलं ते बागेतल्या उपाहारगृहाचं: सगळीकडे रिकाम्या पिवळ्या खुर्च्या, मध्ये दोघं, आणि लांबून रोखून बघणारे वेटर. एका रंगात पिवळेपणा गेलाच, पण रिकामेपण राहिलं. नटांच्या यादीत एल हेदी बेन सालेमचं पूर्ण नाव आलं, आणि पुढे अलीचा आवाज दुसऱ्याचा आहे हे एका ओळीत. ‘वंशभेदाविरुद्धची कालातीत प्रेमकथा’ जाऊन त्याजागी साध्या शब्दांत कथानक. उघडं अंग आणि दारू दाखवली आहे हेही लिहिलं. यावर विद्यार्थी थोडा करवादला, औषधाच्या डबीवरची सूचना वाटते म्हणाला, पण मान्य केलं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर मी पत्रक टाकलं. पहिलं उत्तर एका काकांचं आलं की हे गास्टआर्बाइटरचं आहे, आपण ब्लू कार्डवाले, म्हणजे उच्चशिक्षितांच्या परवान्यावर आलेले. काकांचा स्वर गमतीचा होता, पण समज बऱ्याच जणांची आहे. 2000 मध्ये जर्मनीने संगणक तज्ज्ञांसाठी ग्रीन कार्ड योजना आणली तेव्हा नॉर्थ राइन-वेस्टफालिया या राज्याच्या निवडणुकीत ‘भारतीयांऐवजी आपली मुलं’ अशा अर्थाची घोषणा गाजली होती, हे मी त्यांना लिहिलं. त्यावर अंगठा आला, आणि खेळाला तिघंजण.

काय घडलं

पहिल्या संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं. बोलणारे चौघं, त्यांतले दोन खाणीतले. फोटोंपेक्षा कागद जास्त बोलके निघाले: वैद्यकीय तपासणीचा दाखला, वसतिगृहाची नियमावली, पगाराच्या चिठ्ठ्या. एकाने नियमावली वाचायला घेतली, आणि बायकांना भेटीची परवानगी नसल्याचं कलम आल्यावर स्वतःच हसू लागला. शिक्षिकाबाईंनी पहिल्या रांगेत बसून एकही प्रश्न विचारला नाही. हे त्यांना जड गेलं असणार.

दुसऱ्या संध्याकाळी चित्रपटाला जागा कमी पडली. चौघांपैकी तिघं आले, पत्रकातली सूचना वाचून चौथ्यांनी नम्रपणे नकार कळवला होता. कार्यकर्तीच्या गटातल्या बायकांपैकी थोड्याच आल्या आणि न्हाणीघराच्या दृश्याला त्यांतल्या दोघी चहा आणायला म्हणून बाहेर गेल्या, नंतर परत आल्या. खेळानंतर मंच ठेवला नव्हता. छोटी टेबलं लावली होती आणि ज्याने त्याने हवं तिथे बसायचं होतं.

खाणीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी आमच्या सगळ्या चर्चेवर पाणी ओतलं. आवाज दुसऱ्याचा होता याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या काळी आमचा साहेबही आमच्या वतीने बोलायचा, असं ते म्हणाले आणि विषय संपवला. कुस्कुसच्या प्रसंगाला ते मोठ्याने हसले होते. त्यांना भिडला तो शेवटचा प्रसंग. अली नाचता नाचता कोसळतो, जठराला अल्सरमुळे छिद्र पडलेलं असतं, आणि डॉक्टर एमीला सांगतो की परदेशी कामगारांमध्ये हे फार आढळतं, ताणामुळे, शस्त्रक्रिया होईल आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा इथेच येईल. आजोबांनी आपल्या पोटावर हात ठेवून सांगितलं की हे ज्याने लिहिलं त्याला माहिती होती. त्यांच्या वसतिगृहातल्या कितीतरी जणांना पोटाचा विकार होता.

दुसऱ्या एका टेबलावर एक तरुण मोरोक्कन मुलगी चिडली होती. गॅरेजमधलं दृश्य तिला खुपलं होतं: एमी अलीला शोधत तिथे जाते, सोबती विचारतात ही तुझी मोरोक्कोतली आजी का, आणि अलीही त्यांच्याबरोबर हसतो. त्याला एवढा क्षुद्र का दाखवलाय, असा तिचा सवाल. विद्यार्थ्याचं उत्तर असं की एमीला क्षुद्र व्हायची मुभा आहे तशी अलीलाही हवी, सद्गुणी पीडित म्हणून दाखवला असता तर तो माणूस उरला नसता. त्या मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, क्षुद्रपणाचं कारण आपल्याला एमीच्या बाबतीत दिसतं, अलीच्या बाबतीत नुसता क्षुद्रपणा दिसतो. माझ्या मते त्या रात्रीतलं सर्वांत अचूक वाक्य हेच होतं.

नाराजीही आली. एका जुन्या प्रेक्षकाने लेखी कळवलं की पत्रकाने चित्रपटाचा रस आधीच काढून घेतला आणि नटाचा मृत्यू प्रास्ताविकात सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. ती माहिती ऐकल्यावर सभागृह पूर्ण वेळ बेन सालेमच्या नशिबाकडे बघत राहिलं, अलीच्या नाही.

अनुदानाच्या अहवालात किती प्रेक्षक स्थलांतरित पार्श्वभूमीचे होते ते भरायचं असतं. व्यवस्थापकांनी दारात कोणालाही विचारलं नव्हतं. त्यांनी रकान्यात अंदाज न लिहिता ‘विचारलं नाही’ असं लिहिलं. पालिकेने हरकत घेतली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, प्रश्न पत्रकाच्या टप्प्यावर उठला, निवडीच्या टप्प्यावर नाही. निवडीच्या बैठकीला कार्यकर्ती हजर होती आणि तिने होकार दिला होता. तेव्हा कोणी तिला एवढंच विचारलं असतं की हा चित्रपट तू कोणाला दाखवशील आणि कोणाला नाही, तर पुढचे कितीतरी ईमेल वाचले असते. सभासद हजर आहे म्हणजे तिचं मत आलं, असं गटाने धरून चाललं. अर्जात नाव घालण्याआधी विचारणं ही तर साधी रीत आहे. त्याचा आता लेखी नियम झाला आहे.

प्रास्ताविक दोन भागांत तोडता आलं असतं: डबिंगचं आधी, बेन सालेमच्या पुढच्या आयुष्याचं नंतर. किंवा विओला शफीकने त्याच्यावर 2011 मध्ये केलेला माहितीपट तिसऱ्या संध्याकाळी दाखवता आला असता. त्याचा विचार आम्ही फार उशिरा केला.

उपशीर्षकांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. आमच्याकडे जर्मन उपशीर्षकं होती. फ्रेंच किंवा अरबी मिळतात का ते आधी शोधायला हवं होतं. टेबलावर बऱ्याच बायका एकमेकींना गोष्ट समजावून सांगत होत्या.

आणि पहिल्या संध्याकाळचा निम्मा रिकामा हॉल. क्रम उलटा ठेवण्याची किंमत ती होती. व्यवस्थापकांचा हिशेब चुकला नव्हता, गटाने तो जाणूनबुजून बाजूला ठेवला. पुढच्या वेळी दोन्ही संध्याकाळींचं एकच तिकीट ठेवावं असं विद्यार्थ्याने सुचवलं आहे.

सालेसचा चित्रपट पुढच्या हंगामात लागला आहे, हक्कांचा पत्रव्यवहार विद्यार्थी बघतो. शिक्षिकाबाईंना अजूनही वाटतं की आरशातलं चित्र पत्रकावर चाललं असतं, फक्त खाली नटाचं नाव हवं होतं. कार्यकर्तीचं म्हणणं आहे की फासबिंडर दोन-तीन वर्षांनी पुन्हा दाखवावा, या वेळी माहितीपटासह, आणि प्रास्ताविक त्या चिडलेल्या मुलीला करायला सांगावं. या दोन्ही गोष्टींवर गटात अजून मतदान झालेलं नाही.